अमोस अलोन्झो स्टॅग : प्रशिक्षकाला प्राध्यापकाची खुर्ची मिळवून देणारा माणूस

मैदानप्रेमी

अमेरिकेतल्या मोठ्या सरकारी विद्यापीठांत फुटबॉलच्या प्रशिक्षकाला कुलगुरूंच्या कितीतरी पट पगार मिळतो, हे आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. (इथे फुटबॉल म्हणजे त्यांचा, अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळायचा खेळ.) पण विद्यापीठाच्या आस्थापनेवर प्रशिक्षक आला कधी आणि कुणामुळे, याबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही. त्यासाठी हा धागा.

स्टॅगचा जन्म १६ ऑगस्ट १८६२ रोजी न्यू जर्सीतल्या वेस्ट ऑरेंज इथे झाला. वडील चांभारकाम करायचे आणि घरात आठ भावंडं. पोटाला चिमटा काढून शिकत तो येल विद्यापीठात पोहोचला, ते धर्मोपदेशक व्हायचं म्हणून. तिथे बेसबॉलचा पिचर (चेंडू फेकणारा) म्हणून त्याचं नाव झालं. व्यावसायिक संघ पैसे घेऊन दारात आले, पण पैशासाठी खेळायचं नाही म्हणून त्याने सगळ्यांना नकार दिला. १८८८ च्या येल फुटबॉल संघातही तो होता. त्या मोसमात येलने एकूण ६९८ गुण केले आणि प्रतिस्पर्ध्यांना एकही करू दिला नाही. पुढच्या वर्षी देशातल्या सर्वोत्तम अकरा खेळाडूंची पहिली 'ऑल अमेरिका' यादी निघाली, तिच्यातही स्टॅग आहे.

धर्मोपदेशक मात्र तो झाला नाही. चारचौघांत नीट बोलता येत नाही, व्यासपीठ आपलं नव्हे, हे त्याचं त्यालाच कळलं. १८९० मध्ये तो मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए (ख्रिस्ती तरुणांची संघटना) प्रशिक्षण शाळेत गेला. शरीर घडवणं हेही धर्मकार्यच, अशी त्या शाळेची धारणा होती. तिथे त्याने फुटबॉलचा संघ उभा केला. त्या संघात मधल्या जागेवर खेळणारा कॅनडाचा तरुण म्हणजे जेम्स नायस्मिथ. डिसेंबर १८९१ मध्ये याच नायस्मिथने व्यायामशाळेच्या सज्जाला पीचच्या टोपल्या ठोकून बास्केटबॉल सुरू केला. ११ मार्च १८९२ ला लोकांसमोर पहिला सामना झाला, विद्यार्थी विरुद्ध शिक्षक. विद्यार्थी ५–१ ने जिंकले. शिक्षकांचा तो एकमेव गुण स्टॅगचा.

त्याच वर्षी शिकागो विद्यापीठ उघडलं. पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर हे येलमध्ये स्टॅगचे शिक्षक होते. नवं विद्यापीठ लवकर नावारूपाला आणायचं तर खेळ हवेत, हे त्यांनी ओळखलं होतं. पण त्यांनी स्टॅगला नुसता प्रशिक्षक म्हणून बोलावलं नाही. शारीरिक शिक्षणाचा स्वतंत्र विभाग काढून स्टॅगला त्याचा संचालक केलं, सहयोगी प्राध्यापकाचा दर्जा दिला आणि नोकरी कायम केली. पगार वर्षाला २,५०० डॉलर.

हे किती वेगळं होतं ते तेव्हाची पद्धत पाहिली की लक्षात येतं. पूर्वेकडच्या जुन्या कॉलेजांत संघ विद्यार्थीच चालवायचे. कर्णधार सर्वेसर्वा असायचा आणि एखादा माजी खेळाडू मोसमापुरता येऊन चार गोष्टी सांगून जायचा. येलचे वॉल्टर कॅम्प घड्याळाच्या कारखान्यातली नोकरी सांभाळून मार्गदर्शन करत. स्टॅगपासून प्रशिक्षक हा पूर्णवेळ पेशा झाला, आणि तोही शिक्षकाचा.

पहिल्या मोसमात मुलं इतकी कमी होती की प्रशिक्षक स्वतःच संघात खेळला! तिथून १९३२ पर्यंत, सलग ४१ मोसम तो शिकागोत राहिला. पुढे 'बिग टेन' म्हणून गाजलेल्या पश्चिमेकडच्या विद्यापीठांच्या संघटनेत शिकागो पहिल्यापासून होतं. तिचं विजेतेपद स्टॅगच्या संघाने सात वेळा मिळवलं : १८९९, १९०५, १९०७, १९०८, १९१३, १९२२ आणि १९२४.

डाव सुरू होण्यापूर्वी रिंगण करून ठरवाठरवी करणं, टॅकलच्या, म्हणजे समोरच्याला धरून पाडण्याच्या, सरावासाठी भरलेला पुतळा, सदऱ्यावर क्रमांक, चेंडू खेळात येण्याआधीच आडवा पळत सुटणारा खेळाडू, हे सगळं त्याच्या नावावर सांगतात. प्रत्येक गोष्ट त्यानेच पहिल्यांदा केली का यावर वाद घालता येईल. मला त्याचं सर्वांत मोठं काम त्या प्राध्यापकपदात दिसतं. मैदानावर शिकवणारा हा वर्गात शिकवणाऱ्याच्या तोडीचा आहे, हे एका विद्यापीठाने कागदावर लिहून दिलं आणि त्याने ते चाळीस वर्षं निभावलं. दारू नाही, तंबाखू नाही, तोंडात शिवी नाही. फार चिडला तर खेळाडूला 'गाढव' म्हणायचा, त्याहून चिडला तर 'दुप्पट गाढव'.

जाणकारांनी भर घालावी.

---

विद्या_ठाणे

फार छान लेख. एक शंका आहे. फुटबॉल आणि बास्केटबॉल या दोन खेळांत काहीच साम्य नाही. तरी त्या काळातल्या कितीतरी अमेरिकन प्रशिक्षकांच्या नावापुढे दोन्ही दिसतात, कधी कधी बेसबॉलही. एकच माणूस सगळं कसं शिकवायचा?

---

मैदानप्रेमी

विद्याताई, याचं उत्तर ऋतूंत आहे. फुटबॉल सप्टेंबर ते नोव्हेंबर. मग बर्फ पडलं की मैदान बंद, त्यामुळे व्यायामशाळेत बास्केटबॉल. मार्चनंतर बेसबॉल आणि धावण्याच्या शर्यती. वर्षभराचा पगार द्यायचा तर तीन महिन्यांच्या कामासाठी कोण देईल? म्हणून एकाच माणसाकडे सगळं. खेळाडूही तेच असायचे. मुळात बास्केटबॉल निघालाच हिवाळ्यात बंद दाराआड काय खेळायचं या अडचणीतून.

स्टॅगने शिकागोत फुटबॉलबरोबर बेसबॉल आणि ट्रॅकही सांभाळलं. बास्केटबॉलचा मुख्य प्रशिक्षक म्हणून त्याचा मोसम मात्र एकच, १९२०–२१ चा. तरी १९५९ मध्ये बास्केटबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये पहिल्याच वर्षी त्याला घेतलं, आणि ते योग्यच झालं. १८ जानेवारी १८९६ ला तो शिकागोची मुलं घेऊन आयोवा सिटीला गेला. दोन्ही बाजूंना पाच-पाच खेळाडू घेऊन झालेला हा पहिला कॉलेज सामना मानतात. शिकागो १५, आयोवा १२. दोन्ही संघांनी एकही बदली खेळाडू उतरवला नाही. पंच होता हेन्री कॅलनबर्ग, तोही स्प्रिंगफील्डचाच. त्याआधी कुठे सात, कुठे नऊ, जागा असेल तितके खेळायचे. आयोवाची मुलं वायएमसीएच्या नावाने खेळली, म्हणून 'पहिला' या शब्दाला हरकत घेणारे आहेत, पण संख्या तिथून रुळली.

दुसरं काम शालेय स्पर्धेचं. १९१७ मध्ये स्टॅगने विद्यापीठाच्या बार्टलेट व्यायामशाळेत देशभरातल्या हायस्कूल संघांची स्पर्धा सुरू केली, ती १९३० पर्यंत चालली. १९२८ मध्ये केंटकीच्या डोंगरातलं कार क्रीक नावाचं चिमुकलं गाव तिथे आलं. त्यांच्या शाळेला व्यायामशाळाच नव्हती, पोरं उघड्यावर सराव करायची. राज्याच्या अंतिम सामन्यात ॲशलंडकडून चार जादा डावांनंतर ती हरली होती. शिकागोत दोन्ही संघ आले आणि देशाचं विजेतेपद ॲशलंडने नेलं, पण वर्तमानपत्रांनी आणि प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलं ते कार क्रीकला.

---

हाइडपार्ककर

मी शिकागो विद्यापीठाच्या परिसरातच राहतो, म्हणून मैदानाबद्दल थोडं लिहितो.

जमीन मार्शल फील्ड या बड्या व्यापाऱ्याने दिलेली, त्यामुळे सुरुवातीला मैदानाला त्याचंच नाव होतं. नंतर ते 'स्टॅग फील्ड' झालं. कॉलेजने फुटबॉल बंद केल्यावर ते जवळजवळ रिकामंच पडलं. आणि २ डिसेंबर १९४२ ला, याच मैदानाच्या पश्चिमेकडच्या प्रेक्षागृहाखाली, रॅकेटच्या एका कोर्टात एन्रिको फर्मी आणि सहकाऱ्यांनी जगातली पहिली स्वतःहून चालू राहणारी अणुविखंडनाची साखळी प्रक्रिया घडवून आणली. आज तिथे हेन्री मूरचं शिल्प आहे, १९६७ मध्ये त्या घटनेला पंचवीस वर्षं झाली तेव्हा बसवलेलं. मैदानाच्या बाकी जागेवर रेगेनस्टाइन ग्रंथालय उभं आहे. विद्यापीठाचं सध्याचं स्टॅग फील्ड थोडं पलीकडे आहे. तिथे आता फुटबॉल खेळतात, पण खेळासाठी शिष्यवृत्ती न देणाऱ्या तिसऱ्या श्रेणीत. अभ्यास आधी, खेळ नंतर.

इथे शिकणाऱ्या भारतीय मुलांपैकी बहुतेकांना अणुभट्टी माहीत असते, स्टॅग कोण ते माहीत नसतं.

---

साशंक

लेख आवडला, पण चित्र फार उजळ रंगवलंय. मैदानप्रेमी, तुम्ही ज्या प्राध्यापकपदाला त्याचं सर्वांत मोठं काम म्हणता, तिथूनच बिघाड सुरू झाला असं मला वाटतं.

स्टॅगचा विभाग थेट अध्यक्षांना जाब देणारा होता. बाकीच्या प्राध्यापकांचा त्यावर फारसा ताबा नव्हता. तिकिटांचा पैसा त्याच्याच विभागात यायचा. १९०२ पासून तो शाळकरी मुलांच्या ट्रॅक शर्यती विद्यापीठात भरवायचा. त्यानिमित्ताने चांगली मुलं हेरून त्यांना शिकागोकडे वळवणं सोपं व्हायचं. तुम्ही कौतुकाने सांगितलेली हायस्कूलची बास्केटबॉल स्पर्धा त्याच पठडीतली.

वॉल्टर एकर्सॉलचंच उदाहरण घ्या. १९०४ ते १९०६ अशी सलग तीन वर्षं 'ऑल अमेरिका', लाथेने चेंडू मारण्यात अद्वितीय. मिशिगनलाही तो हवा होता. अभ्यासात मात्र यथातथाच. खेळण्याची मुदत संपली तशी विद्यापीठाची त्याच्यावरची मर्जीही संपली, आणि पदवी न घेताच तो बाहेर पडला. हौशी खेळाचे गोडवे गाणाऱ्या आणि १९२३ मध्ये रविवारच्या व्यावसायिक फुटबॉलवर जाहीर टीका करणाऱ्या प्रशिक्षकाच्या हाताखाली हे घडलं. खेळाडूला पैसा नको, पण त्याच्या खेळावर विद्यापीठाने पैसा करायचा. आजही अमेरिकेत भांडण याच मुद्द्यावर चाललंय ना?

---

मैदानप्रेमी

साशंक, एकर्सॉलबद्दल तुम्ही लिहिलंय ते खरं आहे. पण १९०५ हे वर्ष पूर्ण पाहू या, कारण त्या एका वर्षात दोन्ही बाजू दिसतात.

३० नोव्हेंबर १९०५, थँक्सगिव्हिंगचा दिवस, कडाक्याची थंडी. मार्शल फील्डवर सुमारे २७ हजार माणसं. समोर फील्डिंग यॉस्टचा मिशिगन संघ, ५६ सामने अपराजित. उत्तरार्धात एकर्सॉलने मारलेला लांब चेंडू डेनी क्लार्कने आपल्या गोलरेषेमागे झेलला आणि तो घेऊन बाहेर पळाला. शिकागोच्या मुलांनी त्याला धरून पुन्हा रेषेमागे ढकललं. तेव्हाच्या नियमाप्रमाणे ती सेफ्टी, म्हणजे शिकागोला दोन गुण. सामना २–० असाच संपला. क्लार्कने थांबायला हवं होतं असं म्हणत सगळ्यांनी त्याच्यावर खापर फोडलं आणि तो एक क्षण त्या मुलाच्या मानेवर जन्मभर बसला. या सामन्याचं वर्णन वाचताना मला क्लार्कबद्दलच सर्वांत जास्त वाटतं.

त्याच मोसमात देशभर फुटबॉलमध्ये १८ मुलं मेली, शिकागो ट्रिब्यूनने तशी मोजदाद छापली. ऑक्टोबरमध्येच राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसवर बोलावून खडसावलं होतं. खुद्द शिकागोतले काही प्राध्यापक खेळ बंद करा म्हणत होते, आणि जानेवारी १९०६ मध्ये पश्चिमेकडच्या विद्यापीठांनी कडक नियम केले : मोसमात फक्त पाच सामने, पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला खेळायला बंदी, एकूण तीनच वर्षं खेळायची मुभा. म्हणजे विजेतेपद मिळालं आणि लगेच हातपाय बांधले गेले.

इथे मला स्टॅगचा मोठेपणा दिसतो. तो नियम समितीवर होता. पुढे चेंडू फेकायची परवानगी, म्हणजे फॉरवर्ड पास, १९०६ मध्ये आला. चेंडू आपल्याकडे ठेवायचा तर ठरलेल्या डावांत पाचाऐवजी दहा यार्ड पुढे जाणं भाग झालं. ढिगाऱ्यात एकमेकांची हाडं मोडण्यापेक्षा मोकळ्यावर पळावं, फेकावं, यासाठी हे बदल होते. अनेक जुन्या प्रशिक्षकांनी नव्या पासकडे पाठ फिरवली. स्टॅगने त्याच्यावर डाव बसवले, आणि १९०७ व १९०८ ची विजेतेपदं नव्या नियमांखालची आहेत. मोसमापुरता आलेला भाडोत्री प्रशिक्षक एवढा लांबचा विचार करणार नाही. त्याला येत्या शनिवारचा सामना जिंकायचा असतो. कायम नोकरीचा हा फायदा तुम्ही हिशेबात धरत नाही.

पैशाचं म्हणाल, तर ते हार्पर यांनी ठरवून केलं. त्यांना विद्यापीठाची जाहिरात हवी होती. दोष द्यायचा तर दोघांना द्या.

---

लॉरेन्सवासी

कॅन्ससमधून लिहितोय, तेव्हा आमच्या बाजूचा माणूस सांगायलाच हवा.

नायस्मिथ १८९८ मध्ये कॅन्सस विद्यापीठात आला. त्याचा एक विद्यार्थी फॉरेस्ट ॲलन, मैदानावरच्या भोंग्यासारख्या आवाजामुळे 'फॉग' ॲलन. त्याला प्रशिक्षक म्हणून बोलावणं आलं तेव्हा नायस्मिथ म्हणाला होता की बास्केटबॉल शिकवायचा नसतो, तो नुसता खेळायचा असतो. गुरूला तो मनापासून करमणुकीचा आणि चारित्र्याचा खेळ वाटायचा. त्यामुळेच असेल, पण कॅन्ससच्या इतिहासात विजयांपेक्षा पराभव जास्त असलेला एकमेव बास्केटबॉल प्रशिक्षक म्हणजे खुद्द त्या खेळाचा जनक : ५५ विजय, ६० पराभव. शिष्याने मात्र १९५६ पर्यंत, सगळे मिळून ३९ मोसम कॅन्ससला शिकवलं.

विद्याताईंच्या शंकेला जोड म्हणून : याच ॲलनने १९२० मध्ये कॅन्ससचा फुटबॉल संघही सांभाळला. त्या मोसमात नेब्रास्काविरुद्ध मागे पडूनही २०–२० अशी बरोबरी साधली होती आणि इथले जुने लोक ती आठवण अजून काढतात. बास्केटबॉल ऑलिंपिकमध्ये यावा म्हणून ॲलनने बरीच खटपट केली. १९३६ ला बर्लिनमध्ये तो आला तेव्हा नायस्मिथ स्वतः हजर होता. अंतिम सामना उघड्या मैदानावर, पावसात झाला. अमेरिका १९, कॅनडा ८. चिखलात चेंडू उसळतच नव्हता.

---

अंबानगरी

१९३६ चं बर्लिन निघालंच आहे तर अमरावतीकर म्हणून राहवत नाही. त्याच ऑलिंपिकच्या वेळी आमच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे हुतुतू आणि इतर देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली होती.

स्टॅगच्या शाळेचा धागा भारतापर्यंत येतो. स्प्रिंगफील्डलाच शिकलेले हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रासला वायएमसीएचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय काढलं. तिथे तयार झालेले शिक्षक देशभरातल्या शाळांत गेले. आपल्याकडे पीटीच्या सरांना आजही शिक्षकखोलीत शेवटची खुर्ची मिळते. परीक्षा जवळ आली की पहिला कापला जातो तो त्यांचा तास. म्हणून १८९२ मध्ये एका विद्यापीठाने खेळाच्या माणसाला प्राध्यापक केलं हे वाचून मला फार बरं वाटलं. साशंक यांचा मुद्दा पटतो, पण आपल्याकडचा प्रश्न अगदी उलट्या टोकाचा आहे.

---

विद्या_ठाणे

शिकागोतून तो का गेला? आणि घरचं कुणी या सगळ्यात होतं का?

---

मैदानप्रेमी

घरचं होतं तर! पत्नी स्टेला रॉबर्टसन, शिकागोचीच विद्यार्थिनी. १८९४ मध्ये लग्न झालं. ती सामन्याला वही घेऊन बसायची, कुठला डाव कुणी कसा केला ते टिपायची, प्रतिस्पर्ध्यांच्या खेळाच्या नोंदी ठेवायची. आज मोठ्या संघांत याच कामाला पगारी माणसं असतात.

शिकागोतून तो स्वतःहून गेला नाही. विसाच्या दशकात मोठी सरकारी विद्यापीठं पुढे गेली. १९२४ ला शेवटचं विजेतेपद मिळालं, त्यात रेड ग्रेंजच्या इलिनॉयशी २१–२१ अशी बरोबरी झाली, आणि मग उतरती कळा लागली. १९२९ ला रॉबर्ट हचिन्स हे तरुण अध्यक्ष आले. त्यांना फुटबॉलमध्ये रस नव्हता. स्टॅग सत्तरीचा झाला तसा निवृत्तीचा नियम लावला गेला. मानाचं दुसरं पद देऊ केलं होतं, पण त्याला शिकवायचं होतं. १९३३ मध्ये तो कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनला, कॉलेज ऑफ द पॅसिफिक या लहानशा संस्थेत गेला आणि १४ मोसम तिथे राहिला. १९३८ मध्ये पॅसिफिकचा संघ घेऊन तो शिकागोला आला आणि स्वतःच्याच नावाच्या मैदानावर ३२–० ने जिंकला. पुढच्या वर्षी शिकागो मिशिगनकडून ८५–० हरलं आणि त्या डिसेंबरमध्ये हचिन्स यांनी फुटबॉलच बंद केला. १९४३ मध्ये देशातल्या प्रशिक्षकांनी स्टॅगला वर्षातला सर्वोत्तम प्रशिक्षक निवडलं. तेव्हा त्याचं वय ८१.

त्यानंतर पेनसिल्व्हेनियातल्या सस्क्वेहाना विद्यापीठात तो मुलाच्या जोडीने शिकवत होता, १९५२ पर्यंत. मग पुन्हा स्टॉकटनला येऊन लाथेने चेंडू मारणाऱ्या मुलांना शिकवायचा. थांबला तेव्हा ९८ वर्षांचा होता. १९६४ मध्ये स्टेला गेली आणि १७ मार्च १९६५ ला तो, वयाच्या १०२ व्या वर्षी.

---

साशंक

८५–० नंतर हचिन्स यांनी जे केलं ते मला धैर्याचं वाटतं. तसं पाऊल उचलणारं दुसरं मोठं विद्यापीठ चटकन आठवत नाही. पण स्टेलाबद्दल वाचून आणि ९८ व्या वर्षापर्यंत शिकवत राहिलेल्या माणसाबद्दल वाचून त्याच्या हेतूविषयी माझ्या मनात शंका उरलेली नाही. माझं भांडण त्या पद्धतीशी आहे आणि ते कायम आहे.

एक विचारायचं होतं. कॉलेज फुटबॉलच्या प्रशिक्षकांत ३१४ विजयांचा विक्रम त्याचाच ना? तो कुणी मोडला?

---

मैदानप्रेमी

हो, ३१४ विजय, १९९ पराभव, ३५ बरोबरी. तो मोडला अलाबामाच्या बेअर ब्रायंटने, २८ नोव्हेंबर १९८१ ला ऑबर्नला हरवून. म्हणजे स्टॅगच्या मृत्यूनंतरही सोळा वर्षं तो टिकला.

स्टॅगच्या हाताखालच्या खेळाडूंवर वेगळा धागा काढणार आहे. हार्लन 'पॅट' पेज १९०८ च्या सुमाराला शिकागोत फुटबॉल आणि बास्केटबॉल दोन्ही गाजवून गेला आणि पुढे बटलर विद्यापीठात दोन्हींचा प्रशिक्षक झाला. जेसी हार्परही स्टॅगकडेच खेळला. तो नोत्र दामचा प्रशिक्षक असताना १९१३ ला नुट रॉकनी खेळत असलेल्या त्याच्या संघाने आर्मीला पासच्या जोरावर ३५–१३ ने हरवलं. लॉरेन्सवासी, फॉग ॲलनवर तुम्ही लिहा, १९०५ मधल्या कॅन्सस सिटीच्या सामन्यांपासून. साशंक, हचिन्स यांच्या निर्णयावर स्वतंत्र धागा तुमच्याकडून यावा असं मनापासून वाटतं.